मालाचा फोटो : आधी उजेड, मग लेन्स

गेल्या ईदच्या सीझनला घाटकोपरच्या दुकानातून मेंदी रंगाच्या दुपट्ट्यांचे फोटो एका गिऱ्हाइकाला मोबाईलवर पाठवले. माल गेला आणि चार दिवसांत परत आला. "फोटोत पिवळा दिसत होता." मुलगा म्हणाला, अब्बा, भारी कॅमेरा घेऊ. पण खोट कॅमेऱ्यात नव्हती. दारातून दिवसाचा उजेड, वरून पिवळा बल्ब. असा दुरंगी प्रकाश कोणतीही लेन्स सुधारत नाही. बल्ब विझवावा, कापड दाराजवळ सावलीत पसरावे, शेजारी पांढरा कागद ठेवून रंग जुळवावा.

जरदोजीवाल्या कारागीर बांधवांनी समोरून फ्लॅश मारू नये, जर पांढरीफटक होते. उजेड बाजूने आला की दबका, सलमा उठून दिसतो.

मोबाईल फार जवळ धरला की साडीचे काठ वाकडे दिसतात; दोन पावले मागे सरून झूम लावावा. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी मुंबईतच काम सुरू केले. त्यांच्या रोलीफ्लेक्सची लेन्स बदलता येत नसे. पुढेमागे पायांनीच व्हावे लागे.

बारीक टाका दाखवायचा तर मात्र मॅक्रो लेन्सच हवी. ती भाड्यानेही मिळते. एका दिवसात सगळ्या सीझनच्या नमुन्यांचे फोटो निघतात.