जिनिंगच्या धंद्यात दूरची आखणी: अकोट

व्यूहात्मक विश्लेषण: संस्थेची बलस्थाने व उणिवा, बाहेरच्या संधी व धोके यांची एकत्र तपासणी.

हंगामी नियोजन की दीर्घकालीन? यंदा कापूस किती घ्यायचा, खेळते भांडवल किती लागेल, हे हंगामी. गाठी बांधायचा प्रेस बसवायचा का, सरकीचे तेल स्वतःच काढायचे का, हे दीर्घकालीन. त्याचा पल्ला साधारण ३ ते १० वर्षांचा.

सर्वांत महत्त्वाचा आकडा: रुईचा उतारा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई मिळते, उरते ती मुख्यतः सरकी. गाठ १७० किलोची, म्हणजे गाठीमागे सुमारे ५ क्विंटल कापूस. उतारा ३४ वरून ३३ टक्क्यांवर आला, तर १० हजार क्विंटलमागे १० हजार किलो रुई कमी होते. गाठींत सुमारे ५९. खंडी ३५६ किलो रुईची. रुईचे भाव खंडीवर बोलले जातात.

बाहेरून आलेले बदल
• १९७२: राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू.
• २००२: बीटी कापसाला देशात परवानगी. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनीची वाट खुली झाली. किमान १० उत्पादक किंवा २ उत्पादक संस्था आवश्यक.
• २०२२: अकोला–अकोट ब्रॉडगेजवर प्रवासी गाडी सुरू.

अन्सॉफची चौकट (१९५७): वाढीच्या वाटा चार. आहे तोच माल आहे त्याच बाजारात वाढवणे; तोच माल नव्या बाजारात नेणे; जुन्या गिऱ्हाइकाला नवा माल देणे; माल आणि बाजार दोन्ही नवे. शेवटची वाट सर्वांत जोखमीची.