राजीनाम्यापूर्वीचा हिशेब
वसई-विरारमधील रुग्णालयांत निवासी वैद्य म्हणून सेवा करणारे आपले तरुण व्यवसायबंधू अधिक वेतनासाठी बोरिवली-अंधेरीकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र राजीनाम्याची तारीख हिशेबाने ठरवावी, असे आम्हांस वाटते. नियमित नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क सामान्यतः सलग 5 वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे वेतन. 4 वर्षांवर घाई करणारा ते गमावतो. (10 वा अधिक कर्मचारी असलेल्या औषधालयांच्या मालकांनीही हे देणे ध्यानी ठेवावे.) भविष्यनिर्वाह निधी काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा, निवृत्तिवेतनास 10 वर्षांची सेवा लागते. नव्या ठिकाणचे पहिले वेतन महिनाअखेरीस येते. तोवरचा घरखर्च, हप्ते व लोकलचा पास यांची तरतूद आधीच हवी. वाढीव वेतनातून प्रवासखर्च वजा करूनच होकार कळवावा.