शंभर दिवसांची पैज आणि सेकंदांचा खेळ

मोबाइल ५ टक्क्यांवर आला की आपण सगळेच पॉवर बँक शोधत धावतो. पण अख्ख्या राज्यासाठी पॉवर बँक असते का? असते! ऑस्ट्रेलियात ती बसवायचं ठरलं, तेव्हा मात्र तिची भरपूर टिंगल झाली होती.

२८ सप्टेंबर २०१६. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात जोरदार वादळ आलं आणि हाय-टेन्शन लाइनचे टॉवर आडवे झाले. व्होल्टेज पुन्हा पुन्हा कोसळू लागलं, तशा अनेक पवनचक्क्यांनी सुरक्षेच्या सेटिंगनुसार हात आखडता घेतला. ७ सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट वीज गायब! सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या लाइनवर आला आणि तीही ट्रिप झाली. राज्याची बत्ती गुल.

मग सुरू झालं राजकारण. पवनऊर्जेवर खापर फुटलं. मार्च २०१७ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटरवर पैजच लावली: करारापासून १०० दिवसांत बॅटरी उभी करून देतो, नाहीतर फुकट! तेव्हाचे अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी तिची तुलना रस्त्याकडेला उभ्या केलेल्या अवाढव्य केळ्या-कोळंबीच्या पुतळ्यांशी केली. दिसायला मोठं, कामाला शून्य!

पैज मात्र मस्क जिंकले. १ डिसेंबर २०१७ ला जेम्सटाउनजवळ, हॉर्न्सडेल पवनऊर्जा प्रकल्पाला लागून ही बॅटरी सुरू झाली. ताकद १०० मेगावॉट, साठा १२९ मेगावॉट-तास. म्हणजे पूर्ण जोरात चालवली, तर साधारण सव्वा तासात रिकामी. टीकाकारांचा हिशोब चुकीचा नव्हता. त्यांचा प्रश्न चुकीचा होता.

कारण वीज साठवून ठेवायचं काम ग्रिड स्वतः करत नाही. या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढी याच क्षणी तयार व्हावी लागते. हे संतुलन कळतं फ्रीक्वेन्सीवरून. आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियातही ती ५० हर्ट्झ असावी लागते. समजा, बंद पडलेली गाडी चौघं मिळून चढावर ढकलताय. एकाने अचानक हात काढला, तर उरलेल्या तिघांनी त्याच क्षणी जोर लावायला हवा. ‘थांब, चहा पिऊन येतो’ म्हणणारा दहा जणांची ताकद घेऊन आला, तरी तोवर गाडी मागे घसरलेली असते.

बॅटरी सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. १४ डिसेंबरच्या पहाटे व्हिक्टोरियातल्या लॉय यांग कोळसा केंद्राचा ५६० मेगावॉटचा संच अचानक बंद पडला. जवळपास हजार किलोमीटरवर असलेल्या हॉर्न्सडेलने सेकंदाच्याही आत वीज सोडायला सुरुवात केली. किती? फक्त ७.३ मेगावॉट. तिने एकटीने ग्रिड वाचवलं, असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण मोठी केंद्रं जोर लावेपर्यंत हात देणारं कुणीतरी तिथे हजर होतं. २०२० मध्ये तिची ताकद १५० मेगावॉटवर नेण्यात आली.

आपल्याकडेही वीज साठवण नवी नाही. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज बनवायची. तासन् तास पुरवायला हे उत्तम, पण क्षणार्धात धावून जाण्यात बॅटरी सरस. दिल्लीत रोहिणीला १० मेगावॉटची बॅटरी २०१९ मध्येच सुरू झाली.

सौरऊर्जा वाढतेय, आणि सूर्य तर संध्याकाळी नेमका दिवे लागायच्या वेळीच मावळतो. तेव्हा साठवण लागणारच. बॅटरीच्या पेटीत केमिस्ट्री आहे, ती कधी चार्ज करायची नि कधी रिकामी करायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर आहे आणि विजेच्या दराचं अर्थशास्त्रही आहे. त्यामुळे तुम्ही कुठल्याही ब्रँचचे असा, इथे काम आहे. फक्त एखाद्या प्रकल्पाची बातमी वाचताना ‘किती मेगावॉट?’ एवढ्यावर थांबू नका. ‘किती वेळ?’ आणि ‘किती लवकर?’ हेही विचारा.