उष्णतेपासून वीज आणि ओतकामाचें महत्त्व

धातूचा रस साच्यांत ओतला व तो निवला, कीं ओताऱ्याचें काम संपलें, असा सामान्य समज आहे. परंतु कांहीं मिश्रधातूंची सारी योग्यता, त्यांचा रस किती सावकाश व कोणत्या दिशेनें थिजला, ह्यावरच अवलंबून असते. उष्णतेपासून वीज उत्पन्न करणाऱ्या मिश्रधातूंची हकीकत अशीच आहे. ती आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

इ. स. १८२१ मध्यें सीबेक नांवाच्या शास्त्रज्ञास असें आढळून आलें कीं, दोन भिन्न धातूंचें कडें करून त्याचा एक सांधा तापविला असतां जवळची होकायंत्राची सुई हलते. कड्यांतून विजेचा प्रवाह वाहूं लागतो, हें त्याचें कारण. ह्या कामास उत्तम पदार्थ कोणता? ज्यांतून वीज सहज जाते, पण उष्णता अडते, तो. कारण उष्णता पलीकडे पोहोंचून दोन्ही टोंकें सारखीं तापलीं, तर प्रवाहच थांबेल. नेहमींचे धातू दोहोंसही वाट देतात. म्हणून १९५४ पासून बिस्मथ व टेल्युरियम ह्यांच्या संयुगास महत्त्व आलें.

हें संयुग ५८५ अंश सेंटिग्रेडवर वितळतें. त्या वेळीं टेल्युरियमची वाफ उडून प्रमाण बिघडूं नये, म्हणून तें निर्वात केलेल्या काचमण्याच्या बंद नळींत वितळवितात. त्याची रचना अभ्रकासारखी पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांच्या लांबीनें वीज जितकी सुलभ जाते, तितकी ती आडवी जात नाहीं.

आतां निवविण्याचा प्रकार पाहूं. पाक सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे जमतात. तोच घोटून झटपट निवविला तर बारीक रवा होतो. त्याचप्रमाणें हा रस एका टोंकाकडून हळूहळू थिजविला, तर पापुद्रे एकाच दिशेनें वाढतात व विजेस सरळ मार्ग मिळतो. मात्र अशी कांब पापुद्र्यांवर सहज चिरते. झटपट निवविल्यास रवे बारीक होतात, कांब बळकट होते व उष्णताही अडते. पण पापुद्रे वाटेल तसे वळल्यामुळें विजेची वाटही बिकट होते. ह्या दोहोंचा मेळ घालणें, हेंच खरें कौशल्य होय.

सिलिकॉन व जर्मेनियम ह्यांच्या मिश्रणांत अडचण निराळी आहे. जो भाग प्रथम थिजतो त्यांत सिलिकॉन अधिक जातें, व मागें राहिलेल्या रसांत जर्मेनियम वाढतें. म्हणून एकाच कांबीचे दोन तुकडे सारखे नसतात. ह्यावर उपाय म्हणून तिची पूड करून ती उष्णतेनें व दाबानें पुन्हां सांधतात.

१९७७ सालीं सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज करण्याचें काम ह्याच मिश्रणाकडे दिलें होतें. सूर्याचा प्रकाश जेथें नाममात्रच पोहोंचतो, तेथें दुरुस्तीस कोण जाणार? तेथें वीज मिळावयाची ती पृथ्वीवरील भट्टीजवळ कोणीं तरी धीर धरून केलेल्या कामामुळेंच. सामग्री उत्तम असून भागत नाहीं. तिला योग्य वेळ व योग्य रीतही द्यावी लागते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.