जुन्या इमारतीची गोधडी



इमारत जुनी झाली की ती पाडावी, असे आपण सहज बोलून जातो. परंतु इमारत पाडली की आतली माणसेही हलतात, आणि हललेला गरीब परत त्याच जागी येतोच असे नाही. म्हणून जुने घर सांधून, त्याचा इंधनखर्च कमी करून, ते कष्टकऱ्याला परवडेल असे राखता येते काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे एक चांगले उत्तर कॅनडात मिळते.

हॅमिल्टन हे तेथील पोलादाचे शहर. १९४६ साली स्टेल्को कारखान्यात झालेला संप त्या देशाच्या कामगार चळवळीत आजही आठवला जातो. या शहराच्या मध्यभागाजवळ, बंदराच्या बाजूला, १९६७ साली केन सोबल टॉवर ही १८ मजली इमारत उभी राहिली. मालक शहराची सार्वजनिक गृहसंस्था आणि घरे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी. पुढे इमारत खंगली, भिंतींना बुरशी धरली. विकावी, पाडावी की दुरुस्त करावी, असा विचार झाला आणि दुरुस्ती ठरली. २०२१ मध्ये काम पुरे झाले व १४६ घरे वाचली.

हे केले कसे? त्यामागचा विचार आपल्या आजीबाईंना ठाऊक असलेलाच आहे. थंडीत अंगावर गोधडी घेतली की ऊब येते. गोधडी काही उष्णता निर्माण करीत नाही. अंगातली उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. घराचेही तसेच आहे. उष्णता तीन वाटांनी पळते : भिंतीतून, खिडकीतून आणि फटींतून. म्हणून भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर चढवायचा, खिडक्या एकाहून अधिक काचांच्या बसवायच्या आणि फटी बुजवायच्या. थर बाहेरून दिला की भिंत स्वतः उबदार राहते आणि तिच्यावर आतल्या हवेतली वाफ निवून ओल धरत नाही. बुरशीचे मूळच तुटते.

पण फटी बुजवल्यावर श्वास कुठून घ्यायचा? त्यासाठी यंत्राने हवा खेळवतात. बाहेर जाणारी शिळी हवा आपली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत मात्र नाहीत. जर्मनीतील डार्मस्टाट येथील पॅसिव्ह हाउस संस्थेने जुन्या इमारतींसाठी याचे कडक मानक ठरवले आहे. या मनोऱ्याची दुरुस्ती त्याच मानकाप्रमाणे झाली. ऐन थंडीत वा उन्हाळ्यात एका घराला लागणारी शक्ती शंभर वॅटच्या तीन दिव्यांएवढी उतरली, आणि इमारतीमुळे होणारे कर्बवायूंचे उत्सर्जन ९४ टक्क्यांनी घटले.

येथवर विज्ञान झाले. आता हिशेब पाहू. खाजगी घरात दुरुस्तीचा खर्च मालक करतो आणि इंधनाचे बिल भाडेकरू भरतो. मग मालकाने गोधडी का शिवावी? आणि शिवलीच, तर तिची किंमत भाड्यात चढवून तो जुन्या भाडेकरूला घराबाहेर काढू शकतो. घर ऊबदार झाले, पण ज्याला थंडी वाजत होती तो रस्त्यावर राहिला! हॅमिल्टनची इमारत सार्वजनिक मालकीची होती, म्हणून तेथे पुढल्या अनेक वर्षांचा हिशेब मांडता आला.

तरीही तेथे कामासाठी इमारत रिकामी करावीच लागली. ते नेहमी अटळ असते असे मात्र नाही. पॅरिसमधील बुआ-ल-प्रेत्र हा १९६० नंतरचा मनोरा २०११ पर्यंत दुरुस्त झाला, तेव्हा भाडेकरू इमारतीतच राहत होते आणि नवे भाग बाहेरून जोडले गेले.

आपल्या मुंबईतही १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवला गेला. तेथे शत्रू थंडी नसून ऊन आणि पाऊस आहे. पण छप्पर तापू न देणे, भिंतीत पाणी शिरू न देणे, वारा खेळता ठेवणे, ही विद्या त्याच जातीची आहे.

तेव्हा दुरुस्तीची योजना तुमच्या दारी आली, तर नकाशा पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. काम चालू असता आम्ही राहायचे कुठे? काम झाल्यावर भाडे किती? आणि वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जाणार? उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. आणि ती एकेकट्याने मागू नका. सर्व बिऱ्हाडांनी मिळून मागा.