प्यादं पोचलं, मग काय होतं?

एका वाक्यावरून भांडण झालेलं तुम्ही कधी पाहिलंय? आमच्या वर्गात झालं. ते वाक्य मीच लिहिलं होतं, म्हणून ही गोष्टही मीच सांगायला हवी.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. वर्गात कुणी घरी अहिराणी बोलतं, कुणी भिली, कुणी पावरी, तर कुणी गुजर बोली. मधल्या सुट्टीत मात्र सगळ्यांचा जीव एकाच ठिकाणी अडकलेला असतो. ते म्हणजे बुद्धिबळाचा पट! पट दोन आणि खेळणारे पंचवीस. तंटा नको म्हणून मी एका पुठ्ठ्यावर दहा नियम लिहिले आणि पुठ्ठा खिडकीशेजारी टांगला. सातवा नियम असा होता : 'प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा मोठा मोहरा होतो.'

वाचा बरं पुन्हा एकदा. काही खटकलं? लिहिताना मलाही खटकलं नव्हतं.

चौथीतली एक मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं जातात आणि होळीला सातपुड्यात परततात. तीही होळीला परत आली. आल्या आल्या तिने पुठ्ठा दोनदा वाचला आणि वर्गातल्या सर्वांत पट्टीच्या खेळाडूसमोर पट मांडून बसली. तो पाचवीतला.

डाव रंगला. तिचं एक प्यादं एकेक घर सरकत थेट पलीकडच्या टोकाला पोचलं. तिने बाटलीचं बूच त्या घरात ठेवलं आणि म्हणाली, "हा माझा दुसरा वजीर."

"दुसरा वजीर नसतो!" तो ओरडला. "तुझा वजीर जिवंत आहे. मेलेला मोहराच परत मिळतो. उंट घे."

बघ्यांमधला एक जण म्हणाला, "माझे आजोबा सांगतात, ज्या घरात प्यादं पोचलं त्या घरचा मोहरा मिळतो. हे घोड्याचं घर आहे. घोडा घे."

"उंटच! आपलं ठरलं होतं ना!"

"कधी ठरलं?" तिने विचारलं.

"दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर ती उसाच्या फडावर होती. तिने मुकाट्याने उंट घेतला आणि डाव हरली. दुसऱ्या दिवशी ती पटाजवळ फिरकलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मला नाही येत."

तिला येत होतं. येत नव्हतं ते मला, नियम लिहायला! 'मोठा मोहरा' म्हणजे कोणता? तो कुणी निवडायचा? पटाबाहेर गेलेलाच हवा, की कोणताही चालेल? माझं वाक्य यातलं काहीच सांगत नव्हतं. आणि जिथे नियम गप्प बसतो, तिथे ज्याचा आवाज मोठा तो बोलतो. मोघम नियमाचा फटका बसतो तो लहानाला, नव्याला, आणि ठरलं तेव्हा हजर नसलेल्याला.

आजोबा खोटं बोलत नव्हते

गंमत म्हणजे तिघांपैकी कुणीच रडीचा डाव खेळत नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे, तोच मोहरा सहसा मिळे. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरके. राजाला किल्लेकोट नव्हता, पण एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. गावागणिक यात फरक असत. पंजाबचे मीर सुलतान खान याच देशी पद्धतीत तयार झालेले. ते 1928 साली अखिल भारतीय विजेते ठरले. पुढे विलायतेला जाऊन नव्या नियमांनी खेळले आणि 1929, 1932 व 1933 अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकले! म्हणजे नियम वेगळे असले म्हणून बिघडत नाही. कोणत्या नियमांनी खेळायचं, हे दोघांना आधी ठाऊक असलं पाहिजे.

आजचा आंतरराष्ट्रीय नियम जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे 'फिडे'चा. ही संस्था 1924 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याच्या जागी त्याच रंगाचा नवा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा येतो. खेळाडूला हवा तो. आधी मेलेल्याच मोहऱ्यांतून निवडायचं बंधन नाही. म्हणजे एका वेळी दोन वजीर चालतात!

यातले 'त्याच रंगाचा' हे शब्द पाहा. तुम्ही म्हणाल, हे काय सांगायला हवं? पण जुन्या काळी जिथे नियमात हे शब्द नव्हते, तिथे कोडी रचणाऱ्या मिश्किलांनी पांढऱ्या प्याद्याचा काळा घोडा करून दाखवला होता. 'नाही कुठे म्हटलंय?' असा त्यांचा सवाल!

'हात लावला तो मोहरा चालवायचा' हा नियम तर तुम्हांला पाठच असेल. मग बाही लागून हत्ती हलला तर? म्हणून फिडेच्या नियमात चालवायच्या किंवा मारायच्या हेतूने लावलेला हात मोजतात. मोहरा नुसता घरात नीट ठेवायचा असेल, तर आपली पाळी असताना, आधी तसं सांगून मग हात लावायचा.

मोठ्यांचंही असं भांडण होतं बरं का! 2017 साली कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अजिंक्यपदाचा निर्णायक, अतिजलद डाव चालू होता. एकाचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. घड्याळ पळतंय आणि वजीर काही सापडेना. तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात होता. त्याने घाईघाईने हत्ती उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "वजीर." पंचांनी निर्णय दिला, उलटा ठेवला तरी तो हत्तीच. तो खेळाडू डाव हरला आणि अजिंक्यपदही गेलं. खरं तर हवा तो मोहरा जवळ नसेल, तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागता येतो. ही सोय नियमातच आहे. ऐन वेळी ती आठवणं मात्र अवघड.

मग सगळंच लिहून काढायचं?

बुद्धिबळ म्हणजे टेबलावरचं युद्धच. हत्ती, घोडे, प्यादी ही सारी सेनाच की! प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागात, राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने 1824 साली खरोखरीच्या लष्करासाठी युद्धाचा खेळ तयार केला. नकाशावर पलटणींचे ठोकळे, नुकसान ठरवायला फासे आणि मध्ये पंच. पण नियम आणि कोष्टकं इतकी, की पंच बिचारा पानं उलटून थकून जाई. अखेर 1876 साली फेर्डी नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, की कोष्टकं बाजूला ठेवा आणि जाणत्या पंचालाच निर्णय देऊ द्या.

फिडेचं नियमपुस्तकही सुरुवातीलाच कबूल करतं, की प्रत्येक प्रसंग नियमात मावणार नाही. अशा वेळी मिळताजुळता नियम पाहून निर्णय शोधावा. म्हणजे सगळं लिहिता येत नाही. पण जे लिहू, त्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे. आणि दुरुस्ती डाव संपल्यावर करायची, कारण डाव चालू असताना प्रत्येकाला आपल्या फायद्याचाच अर्थ खरा वाटतो.

पुठ्ठा नवा झाला

शनिवारी मी वर्गाला सांगितलं, "सातव्या नियमातली चूक माझी आहे. चला, पुठ्ठा दुरुस्त करू." प्रत्येक नियमाला आम्ही चार प्रश्न विचारले : कोण? केव्हा? किती? आणि तसं नाही झालं तर?

'घोडा अडीच घरं चालतो' हे तर आपण सगळेच म्हणतो. पण पहिलीतल्या एका पोराने विचारलं, "अर्धं घर कुठंय?" सगळे हसले आणि मग गप्प झाले. नवा नियम असा झाला : 'घोडा दोन घरे सरळ आणि मग एक घर काटकोनात जातो. मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारतो.' 'राजा शेजारच्या घरात जातो' यातली शेजारची घरं चार की आठ? तिरपी धरून आठ. तेही लिहिलं.

सातवा नियम असा झाला : 'प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ते काढून त्याच घरात आपल्याच रंगाचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा ठेवावा. कोणता, ते प्याद्याचा मालक ठरवेल. तो मोहरा आधी मेलेला असायची गरज नाही. जादा वजीर नसेल तर बूच वापरावे.'

मग परीक्षा! बुद्धिबळ कधीच न खेळलेल्या तिसरीतल्या दोघांना पुठ्ठा दिला आणि बाकीच्यांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. ते अडले, तिथे वाक्य बदललं. तीन वेळा बदललं.

त्या मुलीला मी तोच डाव तिथून पुढे खेळायला बोलावलं. कोणता मोहरा कुठे होता, ते तिला घरन् घर पाठ होतं! या वेळी बुचाचा वजीर पटावर आला. दोन वजिरांनी तिने त्याला असा कोंडला, की त्याच्या राजाला शह नाही, पण चाल करायला एकही घर नाही. आता काय? दोघांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. पण कुणी ओरडलं नाही. दोघं उठून माझ्याकडे आले.

"डाव बरोबरीत," मी सांगितलं. ती जरा हिरमुसली. मग खडू ठेवून तिने स्केचपेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात अकरावा नियम लिहिला. सोमवारी मधल्या सुट्टीत पटाशी पहिली तीच बसली होती.

पालकांनो, घरी खेळावरून भांडण झालं तर लगेच निकाल देऊ नका. नियम काय आहे, ते मुलांना लिहून आणायला सांगा. आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक काम. पुढचा नियम वाचा : 'कॅरममध्ये राणी घेतली की लगेच दुसरी सोंगटी घ्यावी.' यात किती शंका निघतात, ते शोधा. आम्हांला सात सापडल्या.