गाडी मुळात अडवलीच का?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसी बळाविषयी दिलेले दोन निवाडे एकाच तारखेचे आहेत: १५ मे १९८९ आणि १५ मे २०२५. मधली ३६ वर्षं पाहिली की एक गोष्ट सतत खटकते. साध्या कारणासाठी गाडी अडवली आणि माणूस जिवानिशी गेला, की सगळा वाद गोळी झाडल्याच्या क्षणावर होतो. गाडी अडवली कशासाठी, हा प्रश्न मागेच राहतो.

पहिला निवाडा ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाची साखर उतरू लागली. मित्राच्या गाडीने तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला आणि मोठी रांग पाहून घाईने परतला. ही घाई एका पोलिसाला संशयास्पद वाटली. गाडी अडवली गेली, बेड्या पडल्या, झटापटीत ग्रॅहमचा पाय मोडला. दुकानात काहीच घडलं नव्हतं हे कळल्यावर त्याला घरी सोडलं. न्यायालयाने कसोटी घालून दिली: बळ वाजवी होतं का, हे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून ठरवायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नव्हे. यात तथ्य आहेच. पण पुढे काही कनिष्ठ न्यायालयांनी ही कसोटी आकसत आणली. गोळी सुटली त्या क्षणी धोका होता की नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

दुसरीकडे गाडी अडवण्याचा अधिकार मात्र रुंदावत गेला. चालकाला खाली उतरवण्याची मुभा १९७७ मध्येच मिळाली होती. १९९६ मध्ये ‘व्हरेन’ खटल्यात न्यायालय एकमताने म्हणालं, की वाहतुकीचा नियम मोडलेला असेल तर पोलिसाच्या मनात दुसरा काही हेतू होता का, हे पाहायचं कारण नाही. आपल्याकडे वाहतूक पोलीस चौकात उभा राहून चलन फाडतो. तिथे गस्तीवरचा सशस्त्र अधिकारी दिवे लावून मागे येतो, आणि फुटलेला मागचा दिवा हे अमली पदार्थ किंवा बंदूक शोधण्याचं निमित्त ठरू शकतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या अडवल्याच्या सुमारे दहा कोटी नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा वर्ण दिसेनासा झाल्यावर, अडवलेल्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटत होतं.

या काळात कॅमेऱ्याने खूप काही दाखवलं. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पाठलाग करून अडवलेल्या रॉडनी किंगला झालेली मारहाण एका रहिवाशाने बाल्कनीतून चित्रित केली. पुढच्या वर्षी ज्यूरीने चारपैकी एकाही पोलिसाला दोषी धरलं नाही, तेव्हा शहर पेटलं आणि ५० हून अधिक माणसं गेली. जुलै २०१५ मध्ये टेक्सासमध्ये सँड्रा ब्लँडला लेन बदलताना इंडिकेटर न दिल्याबद्दल अडवलं. पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात सारा घटनाक्रम आहे. त्याने सिगारेट विझवायला सांगितलं. माझ्याच गाडीत मी ती का विझवू, असं तिने विचारलं. तिथून आवाज चढले, टेझर रोखला गेला, अटक झाली. तीन दिवसांनी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. दंडाच्या पावतीवर संपू शकणारी गोष्ट पोलिसाच्या दुखावलेल्या अधिकारामुळे कुठवर गेली, हे त्या चित्रणात स्पष्ट दिसतं. वर्षभराने मिनेसोटात शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या फिलँडो कॅस्टीलने गाडी अडवल्यावर आपल्याजवळ बंदूक असल्याचं स्वतःहून सांगितलं, तरी त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. तो पोलीसही निर्दोष सुटला.

पोलिसांची भीती खोटी म्हणता येणार नाही. गाडी अडवताना पोलीसही मारले गेले आहेत. पण त्या भीतीला प्रमाण हवं. कायद्याचे अभ्यासक जॉर्डन ब्लेअर वुड्स यांनी फ्लोरिडातल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. नेहमीच्या तपासणीत पोलिसाची हत्या होण्याचं प्रमाण ६५ लाखांत एक निघालं. उलट ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१ मध्ये दाखवून दिलं, की पाच वर्षांत पोलिसांनी ४०० हून अधिक असे चालक आणि प्रवासी मारले, ज्यांनी बंदूक वा चाकू उगारला नव्हता आणि ज्यांचा हिंसक गुन्ह्यासाठी पाठलागही चालू नव्हता. प्रत्येक गाडीत मारेकरी बसला आहे असं गृहीत धरायला शिकवलेला पोलीस सिगारेटच्या वादातही जिवाचा धोका पाहू लागतो.

खरा बदल घडला तो मूळ प्रश्नाला हात घातला तिथे. व्हर्जिनियाने २०२० मध्ये आणि फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये एक बंद दिवा किंवा आरशाला टांगलेली वस्तू अशा किरकोळ कारणांसाठी गाडी अडवण्यावर मर्यादा घातली. मेम्फिसमध्ये जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांच्या मारहाणीनंतर टायरी निकोल्स मरण पावला. त्याने बेदरकारपणे गाडी चालवल्याचा पुरावा सापडला नाही, असं खुद्द पोलीसप्रमुखांनी सांगितलं. त्याच्या नावाने शहराने असाच नियम केला. २०२४ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने तो मोडीत काढला.

दुसरा निवाडा ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’. २०१६ मध्ये ह्यूस्टनजवळ २४ वर्षांच्या अ‍ॅशटियन बार्न्सची गाडी अडवली, कारण तिच्या नंबरवर टोल थकला होता. गाडी पुढे सरकताच पोलिसाने दाराच्या पायरीवर उडी घेतली आणि दोनेक सेकंदांत गोळी झाडली. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी एकमताच्या निवाड्यात सांगितलं, की फक्त धोक्याचा क्षण पाहून चालणार नाही, आधीची सगळी परिस्थिती विचारात घ्यावी लागेल. तो धोका पोलिसाने स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाने खुला ठेवला.

हा निवाडा हवाच होता. पण तो कामाला येतो माणूस गेल्यानंतर. थकलेल्या टोलची नोटीस टपालाने पाठवता येते. बंद दिव्याची सूचनाही तशीच धाडता येते. ज्या चुकीची शिक्षा दंडाची पावती आहे, त्या चुकीसाठी सशस्त्र माणूस गाडीच्या खिडकीशी पाठवूच नये. असं ठरवायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. शहरांनी आणि राज्यांनी ते करून दाखवलं आहे, आणि बाकीच्यांनीही करायला हवं.